पत्रा काढलेलं मशीन

“धर. आणि परत असलं काम मला सांगू नगंस,” असं म्हणत दौलत सुलभ शौचालयातनं बाहेर आला आणि रुमालात गुंडाळलेली डबी त्यानं माझ्या हातात कोंबली. डबी कोमट लागत होती.

कोल्हापूरचा स्टँड, सकाळचे नऊ. माणसांची ही गर्दी.

“लई वेळ लावलास,” मी म्हटलं.

“वेळ लावलास? आत पाच जण लायनीत हुबे. दारावर थापा. एक म्हातारं वरडतंय, आरं मेलास का काय आत! तसल्यात केलंय मी हे.”

“तीन पोरांचा बाप तू. तुला काय अवघड हाय?”

“माझी तीन पोरं सुलभमधी झाली न्हाईत, भाड्या. पळ आता. निवली तर मी परत आत जायचा न्हाई.”

मी डबी शर्टाच्या आत काखेत धरली आणि रस्ता ओलांडला. समोरच दवाखाना. अर्ध्या तासात पोचवा, थंड होऊ देऊ नका, अंगाशी धरून आणा, असं नर्सबाईनं दोनदा बजावलं होतं. खिडकीत डबी दिली. नाव सांगितलं, सर्जेराव गणपती चौगले. त्या बाईनं चिठ्ठी चिकटवली. झालं. माझी तपासणी दुसऱ्यानं दिली. शाळेतबी सातवी मी अशीच काढलीती, पुढच्या बाकावरच्या पोराच्या पेपरावर डोळा ठेवून.

तुम्ही म्हणाल, एवढं भ्यायला काय झालं होतं? सांगतो.

लग्नाला सात वर्षं झाली होती. घरात पाळणा न्हाई. शालनीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, जे जे करायचं ते सगळं झालं होतं. गंडे झाले, नवस झाले, सोळा सोमवार झाले. मग दवाखाना. पिशवीत औषध सोडून फोटो काढायची तपासणी झाली त्या दिवशी ती माझ्या गाडीवर नीट बसू शकली न्हाई, रिक्षानं आणली. आमच्यात रीतच तशी. पोर होईना म्हटल्यावर बाईला न्यायची. बापयाला कोण नेतंय? डॉक्टरबाई तेवढ्या खमक्या निघाल्या. म्हणाल्या, “मिसेसचं सगळं बघून झालं. आता तुमचं द्या. त्याशिवाय मी पुढं एक गोळी लिहून देणार नाही.”

आणि घरात आईनं शेवटचं सांगून ठेवलं होतं. सांगरूळकडची एक पोरगी तिनं बघून ठेवली होती. “ह्या महिन्यात काय झालं तर झालं. न्हाईतर शालनीला तिच्या भावाकडं पोचव. मी आणि थांबत न्हाई.” दुसरी बायको केली आणि तरीबी पाळणा हलला न्हाई तर? हे मला आतनं खात होतं. कारण मला संशय होता. माझ्यावर.

संशय का, तर मशीन.

शिरगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात मी कामाला होतो. रेनकोट, गाडीच्या सीटची कव्हरं, फायली. दोन प्लास्टिक एकावर एक ठेवायची, पाय दाबायचा, वरनं पितळेचा साचा खाली येतो, चर्रकन आवाज न्हाई की जाळ न्हाई, आणि प्लास्टिक एकजीव. त्याला आम्ही एचएफ मशीन म्हणायचो. त्यात लहरी असतात, रेडिओसारख्या, पण लई जोराच्या, असं इंजिनीयर एकदा सांगून गेला होता. मशीनला पुढनं एक पत्रा असतो, माणसाला लहरी लागू नयेत म्हणून. आमच्याकडं तो पत्रा कुणीच ठेवायचं न्हाई. हात अडकतो, पीस कमी निघतात. मी तर दोन नंबरच्या मशीनचा पत्रा काढून पाण्याच्या पिंपावर झाकण घातला होता. मशीन दोन्ही गुडघ्यांत घेऊन आठ-आठ, धा-धा तास बसायचं. थंडीच्या दिवसांत मांड्या अशा शेकून निघायच्या की दुसरी पोरं हेवा करायची.

नवा माणूस आला की त्याची आम्ही गंमत करायचो. जळकी ट्यूबलाईट घ्यायची, वायर न्हाई काय न्हाई, माझ्या मांडीवर आडवी ठेवायची आणि मी पाय दाबायचा. ट्यूब भक्कन पेटायची. नवा माणूस तोंडाचा आ करून बघायचा. मी म्हणायचो, “बघ, सर्जेरावाच्या अंगात करंट हाय!”

सगळे हसायचे. दौलत कटिंगच्या टेबलावर असायचा, तो एकदा हसता हसता थांबला. म्हणाला, “सर्जा, ट्यूब पेटती तिथं तुझं काय होत असंल रं?”

मी त्याला शिवी घातली. पण त्या दिवसापासनं ट्यूब मांडीवर घेतली न्हाई. माझ्या आधी त्या मशीनवर जो होता त्यालाबी पोर नव्हतं. हे मी कुणाला बोललो न्हाई.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरबाई चष्मा वर करून म्हणाल्या, “उत्तम. अगदी उत्तम. तुमच्यात काही म्हणजे काही दोष नाही.”

शालन शेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली.

“मग आता असं करू,” बाई म्हणाल्या, “वाट बघण्यात अर्थ नाही. मिसेसना इंजेक्शनं देते. शुक्रवारी बीज फुटेल. त्या दिवशी तुमचा नमुना परत आणायचा, आम्ही तो स्वच्छ करून नळीनं थेट पिशवीत सोडणार. एवढा चांगला रिपोर्ट आहे, लागायची आशा खूप.”

“माझाच नमुना लागणार?” मी विचारलं.

“मग काय शेजाऱ्याचा?” बाई हसल्या. शालनबी हसली. सात वर्षांत दवाखान्यात पहिल्यांदा हसली ती.

घरी येताना गाडीवर मागनं ती बोलत होती. पोरगं झालं तर काय, पोरगी झाली तर काय. नाव काय. आत्याबाईंना आधी सांगायचं का मागनं. मी हूं हूं करत गाडी हाणत होतो. मला एक सांगता आलं असतं. बाई, तो नमुना माझा नव्हता. सहा शब्दबी न्हाईत. पण ते शब्द तोंडात आले की आई दिसायची, कारखाना दिसायचा, दोन नंबरच्या मशीनभोवती दात काढणारी पोरं दिसायची.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी दौलतला कारखान्यामागं, रद्दी प्लास्टिकच्या ढिगाकडं नेलं.

“शुक्रवारी परत पाहिजे,” मी म्हटलं.

“काय?”

“डबी.”

“आता कशाला? पास झालास न्हवं?”

मी सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“सर्जा, पहिल्या डबीनं कागद निघाला. ह्या डबीनं पोर निघंल.”

“व्हय.”

“व्हय म्हंतोस? माझं पोर तुझ्या घरात रांगंल. मी रस्त्यात दिसलो की मला काका म्हनंल. माझ्यागत नाक घिऊन फिरंल गावभर. मी काय करायचं, तिकडं तोंड करून चालायचं?”

“कुणाला कळायचं न्हाई.”

“मला कळंल की!”

“दौलतदा,” मी म्हटलं. कधी दा म्हणत नव्हतो, त्या दिवशी म्हटलं. “न्हाई दिलंस तर शालन जाती. आई पोचवायला सांगती. सात वर्षं तिनं काढली माझ्याजवळ. तिला कुठं पोचवू?”

“मग खरं सांग तिला.”

“जीभ उचलत न्हाई.”

“आणि माझं उचलतंय व्हय?” असं म्हणून तो उठला. मी त्याचे पाय धरले. प्लास्टिकच्या कचऱ्यात, भर दुपारी, पस्तिशीचा माणूस मी. तो पाय सोडवून घ्यायला लागला, मी सोडीना.

शेवटी तो खाली बसला. “मरशील बघ तू एक दिवस आणि मलाबी मारशील,” म्हणाला. डोळे पुसले त्यानं. “येतो. शुक्रवारी येतो.”

शुक्रवारी तो आला. डबी दिली आणि वळून एसटीच्या गर्दीत गेला. मागं बघितलं न्हाई त्यानं.

शालनीला मी आधीच दवाखान्यात सोडलं होतं, ‘घरनं घेऊन येतो’ सांगून. मी जिना चढून वर गेलो तवा ती बाकड्यावर बसली होती. नवी साडी, हिरवी. डोक्याला तेल लावून घट्ट वेणी. बाजूला दुसऱ्या दोन बाया. मला बघून उठली.

“आणलासा?”

“व्हय.” डबी काखेत. हात अंगाला चिकटवून हुबा.

“द्या की मग खिडकीत. आणि थांबा, आधी जरा हिकडं या.”

तिनं मला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं. आवाज बारीक केला.

“मला एक बोलायचं हुतं. आत गेल्यावर धीर व्हायचा न्हाई.”

“काय?”

“बाई म्हणाल्या तुमच्यात दोष न्हाई. म्हंजे सगळा माझ्यात. सात वर्षं तुमी मला एक शबूद लागू दिला न्हाई. आत्याबाई बोलल्या, पावणं बोललं, तुमी न्हाई बोललासा. दुसरा कोण असता तर पैल्याच वर्षी वाटंला लावली असती मला.”

आणि ती खाली वाकली. माझ्या पायावर डोकं ठेवलं तिनं, दवाखान्याच्या जिन्यात.

मला तिला उठवता येईना. वाकलो असतो तर काखेतली डबी खाली पडली असती. एक हात अंगाला लावून मी खांबागत हुबा आणि ती खाली. तिच्या भांगात कुंकू होतं, ते मला वरनं दिसत होतं.

“ऊठ,” मी म्हटलं. “शालन, ऊठ. हे माझं न्हाई.”

“काय तुमचं न्हाई?”

“डबीतलं. मागचंबी माझं न्हवतं.”

ती उठली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला उमगायला वेळ लागला. मग उमगलं.

“कुणाचं?”

“दौलतचं.”

“आमच्या घरी दिवाळीला येतो तो?”

“व्हय.”

“आणि हे... हे माझ्या पोटात घालणार हुता तुमी?”

आतनं नर्सबाईनं हाक मारली, “चौगले! नमुना आणला का? उशीर होतोय!”

शालननं हात पुढं केला. मी डबी दिली. ती सरळ कोपऱ्यातल्या बेसिनकडं गेली, झाकण काढलं, ओतली आणि नळ सोडला. लई वेळ सोडला. डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकली, हात साबणानं धुतले आणि नर्सबाईकडं वळून म्हणाली, “सांडलं बाई. ह्यांच्या हातनं सांडलं.”

एवढं करून तिनं माझी अब्रू राखली. मग थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि माझ्यासमोर म्हणाली, “बाई, आज माझं काय करू नका. ह्यांची तपासणी ऱ्हायलीया. आज इथंच घ्या, तुमच्या खोलीत. बाहेर मी दाराशी बसते.”

आणि बसली. स्टुल घेऊन दाराबाहेर बसली. आत मी. भिंतीवर गुटगुटीत पोराचं कॅलेंडर. त्याच्याकडं पाठ करून जे करायचं ते केलं. रडत केलं, काय लपवू.

तासाभरानं डॉक्टरबाईंनी दोघांना बोलवलं. दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. जुना आणि नवा. हुशार बाई, सगळं समजलं होतं त्यांना. ओरडल्या न्हाईत.

“दीड कोटीच्या वर शुक्राणू पाहिजेत तिथं वीस लाख आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यातले निम्म्याहून जास्त जागचे हलत नाहीत. तुम्ही काम काय करता? कंपनीत एवढं सांगू नका, नक्की काय?”

मी मशीन सांगितलं. पत्रा सांगितला. मांड्या शेकतात ते सांगितलं. ट्यूबचं सांगितलं तवा बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मांडीवर ट्यूब पेटते?”

“व्हय बाई.”

“किती वर्षं?”

“नऊ.”

“हे मशीननंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “अशा लहरींनी बीज कमी होतं, मंद होतं, असं काही तपासण्यांत दिसलंय. काहींत काहीच दिसलं नाही. पण ते अवयव देवानं अंगाबाहेर ठेवलेत ते थंड राहावेत म्हणून. तुम्ही ते रोज धगीला धरताय. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तीन महिने त्या मशीनजवळ जायचं नाही. मग परत बघू. वाढेल असं वचन देत नाही.”

“आणि माझ्यात?” शालननं विचारलं.

“तुमच्यात मला कधी काही सापडलंच नव्हतं, बाळ.”

शालन खुर्चीत बसल्या बसल्या ओक्साबोक्शी रडायला लागली. मी खांद्याला हात लावला. तिनं झटकला.

घरी आलो तवा आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोललो. नंतर बोलू म्हटलं असतं तर बोललोच नसतो.

“आई, त्या सांगरूळच्या माणसांना येऊ नका म्हणून सांग. शालनीत काय न्हाई. माझ्यात हाय.”

“हळू बोल. भिंतीला लागून पाटलीण ऱ्हाती.”

“ऐकू दे.”

“तुला ह्या बाईनं पढवून आणलंय. आपल्या घरात बापयांत कुणात दोष न्हाई!”

“माझ्यात हाय!” मी ओरडलो. गल्लीतली कुत्री भुंकली. पाटलीण खरंच बाहेर आली. “सर्जेराव चौगल्यात दोष हाय! आणिक कुणाला ऐकायचंय?”

आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. तांदूळ सगळे पायरीवर. ती ते गोळा करत राहिली.

शालन आतनं पिशवी भरून आली. हिरवी साडी बदलली होती.

“कुठं चाललीस?” मी म्हटलं. “आता कोण घालवत न्हाई तुला.”

“म्हणूनच जाते,” ती म्हणाली. “काल गेले असते तर घालवली म्हणून गेले असते. आज माझ्या रागानं जाते.”

मी स्टँडपर्यंत मागनं गेलो. गारगोटीची गाडी लागली होती. ती खिडकीत बसली, मी खाली हुबा.

“न्यायला येऊ का?”

“तीन महिने मशीनवर बसू नका. मग तपासा. मग या.”

“आणि चांगलं निघालं न्हाई तर?”

“मी चांगलं निघालं तर या म्हटलं का?” गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, मला कटिंगला टाका. मालक हसला, मग चिडला. दोन नंबरला माझ्याएवढे पीस कोण काढणार? मी पिंपावरचा पत्रा काढला, धुतला आणि मशीनला परत चार स्क्रू मारून बसवला. नव्या ऑपरेटरला म्हटलं, “हा काढलास तर तंगडी मोडीन.” पोरं दात काढायला लागली. चौगल्यात दोष, हे शिरगावपर्यंत पोचलं होतं. दौलत माझ्या शेजारी कटिंगच्या टेबलावर हुबा होता. तो हसला न्हाई. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो न्हाई, नुसता कात्रीचा आवाज. मग एक दिवस त्यानं डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर ठेवली.

घरात आई आणि मी. ती वाढायची, मी जेवायचो. शालनीचं नाव दोघंबी घ्यायचो न्हाई.

तीन महिन्यांनी तपासलं. माझ्याच हातानं, माझंच. कागद खिशात घालून गारगोटीच्या पुढं तिच्या माहेरी गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. उन्हानं काळवंडली होती. भाऊ घरात होता, बाहेर आला न्हाई. मी कागद पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि घेतला. ती धावी शिकलेली, तिला वाचता येत होतं.

“साठ लाख,” ती म्हणाली. “वाढलंय.”

“व्हय.”

“पुरं हाय?”

येताना गाडीत मी लई इचार केला होता, बाई काय काय म्हणाल्या त्यातलं गोड गोड तेवढं सांगावं. औषधानं आणि वाढंल, वर्षाभरात बघू, असलं.

“न्हाई,” मी म्हटलं. “पुरं न्हाई. बाई म्हणाल्या, हुईल का न्हाई सांगता येत न्हाई.”

तिनं कागदाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. लई वेळ. मिरच्यांचा ठसका लागून मला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती बघतच होती.

मग तिनं कागदाची घडी घातली, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, वर दगड ठेवला आणि पिशवी आणायला आत गेली.